हिल्वरसुमचे शहर अभियंता

नेदरलँड्सला येणारी आपली मंडळी अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे बघतात, हंगाम असेल तर ट्यूलिपच्या बागा बघतात. वास्तुकलेची आवड असलेले उत्रेख्तला जाऊन रीटफेल्टचं १९२४ सालचं श्रोडर घर पाहून येतात. माझ्या मनात मात्र कित्येक वर्षं हिल्वरसुम होतं. माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात झाली. शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या, स्मशानभूमीची शेड, भाजी मंडईचे ओटे हीच माझी कामं. आणि हिल्वरसुम हे अख्खं गाव ज्या विलेम मारिनस दुदॉक यांच्या हातून घडलं, तेही नगरपालिकेचे नोकर होते. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात ज्यांची नावं येतात, ते बहुतेक स्वतःची कचेरी थाटून बसलेले. दुदॉक यांनी १९१५मध्ये हिल्वरसुम नगरपालिकेच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे संचालक म्हणून खुर्ची घेतली आणि त्या खुर्चीवरून शाळा, घरं, स्नानगृह, कत्तलखाना, दफनभूमी, क्रीडांगण आणि शेवटी नगरपालिकेची इमारत, सगळं उभं केलं.

भाची आम्स्तलफेनला असते. तिच्याकडे मुक्काम आणि तिथून ही भटकंती, असं ठरलं.

गुरुवार

अ‍ॅमस्टरडॅम झाउद स्टेशनवरून हिल्वरसुमची गाडी पकडली. जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. शहर संपतं, हिरवी कुरणं लागतात, मग अचानक झाडी दाट होते. या भागाला गोई म्हणतात. नेदरलँड्सच्या मानाने जरा उंचावरची, वाळूची जमीन. कालवे कमी, पाइनची झाडं आणि जांभळ्या फुलांची माळरानं जास्त. पूर्वी इथे विणकर होते, सतरंज्या-गालिचे व्हायचे. १८७४मध्ये रेल्वे आली आणि अ‍ॅमस्टरडॅमचे पैसेवाले इथे बंगले बांधू लागले. त्यांच्या मागोमाग माळी, गवंडी, मोलकरणी, कारखान्यातले कामगार आले. १९२०नंतर रेडिओ आला. युरोपातल्या जुन्या रेडिओंच्या काचेवर लंडन, पॅरिसच्या जोडीला हिल्वरसुम हे नाव छापलेलं असे. आजही देशाची बरीचशी प्रसारण केंद्रं इथेच आहेत.

म्हणजे दुदॉक आले तेव्हा गाव भराभर सुजत होतं. असं गाव काय असतं ते मला ठाऊक आहे. रोज नवी वस्ती, रोज नळाची मागणी, शाळा दोन पाळ्यांत, आणि नकाशा कायम वस्तुस्थितीच्या मागे. पण डच सरकारने १९०१मध्येच गृहनिर्माणाचा कायदा करून ठेवला होता. सरकारी कर्ज घेऊन नगरपालिकेला कामगारांसाठी घरं बांधता येत, आणि वाढत्या गावांना विस्ताराचा आराखडा करणं बंधनकारक होतं. दुदॉक यांच्या कामामागे हा कायदा उभा आहे. त्यांच्या प्रतिभेबद्दल लिहिणारे पुष्कळ भेटतात, या कायद्याबद्दल कमी लिहितात. माझ्या लेखी दोन्ही सारख्याच मोलाचे.

त्यांचा पूर्वेतिहासही वेगळा. जन्म १८८४चा, अ‍ॅमस्टरडॅमचा. आई-वडील दोघंही संगीतातले. मुलगा मात्र ब्रेडाच्या लष्करी अकादमीत गेला, सैन्यात अभियंता झाला, अ‍ॅमस्टरडॅमभोवतीच्या तटबंदीच्या कामांवर राहिला. १९१३मध्ये लष्कर सोडून लायडन शहराच्या बांधकाम खात्यात आणि दोन वर्षांनी इकडे. वास्तुकलेचं रीतसर शिक्षण असं झालंच नाही.

दुपारी सामान हॉटेलात टाकून नगरपालिकेची इमारत फक्त बाहेरून बघून घ्यायची म्हणून निघालो. ती बाजारपेठेत नाही. जुन्या गावाच्या चौकातली कचेरी अपुरी पडू लागली तेव्हा नव्या इमारतीची चर्चा सुरू झाली, पण दुदॉक यांनी जागा निवडली ती बंगल्यांच्या वस्तीतली, जुन्या बागेची. त्यामुळे रस्त्याने चालताना दोन्ही बाजूंना घरं, कुंपणं, सायकली, आणि एका वळणावर झाडांच्या वर पिवळा मनोरा दिसतो. पुढे गेलं की तळं, आणि तळ्यापलीकडे लांबच लांब आडव्या भिंती, एकीवर एक सरकवून ठेवल्यासारख्या. दारही समोर नाही. एका सखल, लांब छपराखालून चालत बाजूने जावं लागतं.

भाची म्हणाली, "मावशी, फोटोत एवढी मोठी वाटत नव्हती गं."

मोठी आहेच, पण दडपत नाही. मनोरा एका अंगाला आहे, मधोमध नाही. डावीकडे काही जड आलं की उजवीकडे लांब काहीतरी येतं आणि तोल सावरतो. अमेरिकेचे वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचा प्रभाव लगेच ओळखू येतो. विटेवरचं प्रेम मात्र इथलंच, डच वास्तुविशारद बेर्लाखे यांच्या परंपरेतलं.

शुक्रवार

आजचा सगळा दिवस या एका इमारतीसाठी ठेवला होता, आणि तोही कमी पडला.

सकाळी पहिलं काम केलं ते भिंतीजवळ जाऊन उभं राहण्याचं. आपल्याकडची जुनी वीट नऊ-साडेचार-तीन इंचांची. इथली वीट लांबी-रुंदीला साधारण तेवढीच, सुमारे २३ सेंटिमीटर गुणिले ११, पण उंची पाच सेंटिमीटरपेक्षाही कमी. या इमारतीसाठी मुद्दाम या मापात भाजून घेतलेली, फिकट पिवळी. आता विटांमधली दर्ज, म्हणजे दोन विटांमधला सांधा, बघा. उभी दर्ज जवळजवळ नाहीच. विटेला वीट इतकी खेटून लावलीय की डोळा थेट पुढे सरकतो. आडवी दर्ज मात्र जाड आणि चांगली आत दाबलेली. तिच्यात सावली साठते. त्यामुळे पन्नास पावलांवरून भिंत विटांची न वाटता आडव्या रेघांची वाटते, आणि ऊन फिरलं की त्या रेघा गडद-फिक्या होत जातात. एवढ्या मोठ्या इमारतीला नक्षीकाम म्हणाल तर हेच.

मी बोट घालून पाहिलं. कोपऱ्यावर दोन भिंती मिळतात तिथेही थराला थर बरोबर जुळलेला. वीट कापून तुकडा बसवलेला मला कुठे दिसला नाही. म्हणजे भिंतींची लांबी, खिडक्यांची रुंदी, सगळं विटेच्या मापात आधी बसवून मगच नकाशा पक्का केलेला. हे कागदावर करणं कठीण, आणि साइटवर गवंड्याकडून करून घेणं त्याहून कठीण. ओळंब्यात भिंत चढवणारे गवंडी मी पुष्कळ पाहिलेत. शेकडो फूट लांबीत आडवी दर्ज एका जाडीची ठेवणारे फार थोडे. या भिंती ज्यांनी बांधल्या त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, ती असायला हवी होती.

इमारतीचा प्रवास आपल्या कुठल्याही नगरपालिकेला ओळखीचा वाटेल असा. विषय निघाला १९१५च्या सुमारास. मग आराखडे, सभा, पैशाची ओढाताण, पुन्हा नवा आराखडा. आज दिसतो तो साधारण १९२४चा. काम सुरू झालं १९२८मध्ये आणि पूर्ण झालं १९३१मध्ये. या लांबलेल्या काळात दुदॉक स्वतः बदलत गेले, रचना अधिकाधिक साधी होत गेली. उशिराचा एखाद्या इमारतीला फायदा झाल्याची उदाहरणं विरळा, त्यातलं हे एक. १९२८मध्येच त्यांनी खात्याचं संचालकपद सोडलं आणि ते शहराचे वास्तुविशारद झाले. फाइली कमी आणि रेखाटनं जास्त, अशी ती सोय होती.

आत गेलं की आधी जिन्याच्या आसपास प्रकाश कमी, मग वर नागरिक सभागृहात एकदम उंच खिडक्यांतून उजेड. त्याच्या पलीकडे सर्वसाधारण सभेचं दालन, महापौरांची खोली, विवाह नोंदणीचं दालन. आम्हाला इमारत दाखवणाऱ्या स्वयंसेवक आजी म्हणाल्या, की खुर्च्या, टेबलं, गालिचे, दिवे, घड्याळं, इतकंच काय, सभेत महापौर आपटतात तो हातोडासुद्धा दुदॉक यांनी रेखाटला. सभागृहातल्या खुर्चीवर मी हात ठेवून पाहिला. लाकूड हाताला गुळगुळीत झालेलं, पण सांधा कुठेही हललेला नाही. ही खोली रोजच्या वापरातली आहे. नगरसेवक अजून इथेच बसतात, इथेच भांडतात.

विवाहाच्या दालनात त्या दिवशी खरंच एक लग्न होतं. नवरीच्या आजीला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, दोन पोरं तळ्याच्या कठड्यावरून धावत होती आणि कोणी तरी त्यांना ओरडत होतं. दाखल्यासाठी आलेली माणसं त्याच दारातून आत जात होती. सरकारी कचेरीच्या दारात लोक आनंदाने फोटो काढून घेतायत हे बघून मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. आमच्या कचेरीत चाळीस वर्षं लोकांनी फक्त रांगा लावलेल्या मी पाहिल्या.

मनोऱ्यावर चढून गेलो. वरून दिसतं ते हिरवं छत, त्यातून डोकावणारी कौलं, आणि क्षितिजाशी माळरान. शहराला शेवटची हद्द असावी, ते चारी बाजूंनी पसरत जाऊ नये, असा दुदॉक यांचा आग्रह होता आणि विस्ताराच्या आराखड्यात त्यांनी तो उतरवला. वरून पाहताना ती हद्द खरोखरच दिसते. घरं संपतात, रान सुरू होतं.

ही इमारत जगभर पोचली. १९३५मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक दुदॉक यांना मिळालं, १९५५मध्ये अमेरिकेतल्या संस्थेचं. लंडनमधल्या हॉर्न्सीच्या टाउन हॉलवर तर हिल्वरसुमची छाप उघड आहे. आणि आपल्या देशातही त्यांचं काम आहे: कोलकात्याला न्यू मार्केटजवळ, हुमायून प्लेसमधलं लाइट हाउस सिनेमागृह त्यांच्या रेखाटनातलं, १९३०च्या दशकातलं. आता तिथे सिनेमा लागत नाही, दुकानं आहेत. एकेकाळी त्या गल्लीतून मी खरेदीच्या पिशव्या घेऊन गेलेय.

महायुद्धात जर्मन सैन्याचं मुख्यालय हिल्वरसुममध्ये होतं आणि ही इमारतही त्यांच्या ताब्यात गेली. त्यातून ती वाचली. पुढे काळाने मात्र त्रास दिला. विटांमध्ये ओल शिरली, थंडीत ती गोठून विटा फुटू लागल्या. १९८९ ते १९९५ मोठी दुरुस्ती झाली, त्यासाठी त्याच मापाच्या, त्याच रंगाच्या विटा पुन्हा भाजून घेतल्या. सहा वर्षं! आत दाबलेली दर्ज दिसायला सुरेख, पण पाणी तिथेच थांबतं हे माझ्यातल्या अभियंत्याने सकाळीच मनात नोंदवलं होतं. तरीही पुन्हा बांधताना त्यांनी दर्ज बदलली नाही, हे मला आवडलं.

शनिवार

भाड्याच्या सायकली घेतल्या. भाचीची सवय आहे, मी रस्त्याच्या कडेकडेने.

आज शाळा. दुदॉक यांनी हिल्वरसुममध्ये शाळा इतक्या बांधल्या की वस्तीवस्तीत एक सापडते. नव्या वस्तीचा आराखडा करताना शाळा मधोमध, जरा उंच, मनोऱ्याची किंवा ठळक कोपऱ्याची, आणि भोवती बुटकी विटांची घरं. देवळाचा कळस लांबून दिसावा तशी इथे शाळा दिसते.

पहिली पाहिली बाविंक शाळा, १९२१-२२ची. लाल वीट, सपाट छपरं, ठोकळ्यावर ठोकळा आणि एक मनोरा. पुढच्या नगरपालिका इमारतीची तालीमच म्हणायची. इथेच दुदॉक जुन्या उतरत्या छपरांतून बाहेर पडून स्वतःच्या वाटेला लागले. त्यानंतर फाब्रित्सियुस शाळा, १९२६ची, आणि मी चक्रावलेच. तिला गवताने शाकारलेलं छप्पर! त्याच माणसाने चार वर्षांनी हे का केलं? आजूबाजूला फिरल्यावर उलगडलं. ही वस्ती बागांची, बंगल्यांची आहे आणि गोईतली जुनी शेतघरं गवतानेच शाकारलेली असत. कामगार वस्तीत एक भाषा, इथे दुसरी. आधुनिक म्हणजे सपाट छप्परच, असा हट्ट त्यांनी धरला नाही. त्यांच्या काळातले कडवे आधुनिक त्यांना या बाबतीत अर्धवट समजत. मला मात्र हाच त्यांचा मोठेपणा वाटतो. द स्टाइल या डच आधुनिक कलाचळवळीच्या जाहीरनाम्यांपासूनही ते अंतर राखूनच होते.

शाळेला सुट्टी, तरी मैदानात मुलं होती. खिडकीच्या कट्ट्याची उंची मोजली. मुलाला बसल्या जागी बाहेरचं झाड दिसावं इतकी ती खाली आहे. आमच्याकडे शाळाखोलीच्या खिडकीची उंची ठरायची ती पोरांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून.

मग कामगारांची घरं. नगरपालिकेने बांधलेल्या वसाहती गल्लीगल्लीने बघत फिरलो. दोन मजली रांगा, पुढे हातभर बाग, कोपऱ्यावरच्या घराला जरा वेगळं छप्पर, मध्येच कमान आणि तिच्यातून आतल्या मोकळ्या जागेत जायची वाट. एकही घर श्रीमंती नाही, पण रांग कंटाळवाणी होत नाही. या घरांत न्हाणीघर नव्हतं, म्हणून १९२१मध्ये सार्वजनिक स्नानगृह बांधलं. तेही नीटनेटकं, विटेचं, गरिबांसाठी म्हणून कुठे काटकसर केलेली नाही. कत्तलखानाही त्यांनीच बांधलेला.

परतताना उत्रेख्तच्या रस्त्यावर त्यांचं स्वतःचं घर, 'द विके', १९२६चं. खाजगी जागा, त्यामुळे कुंपणाबाहेरूनच. आकाराने बेताचं. शहरासाठी एवढं बांधणाऱ्या माणसाने स्वतःसाठी दिखावा केलेला नाही. १९७४मध्ये, नव्वदीला आले असताना, याच गावात ते गेले.

रविवार

गावाबाहेरच्या जंगलात झोनेस्त्राल आहे, म्हणजे यान डाउकर यांचं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम. दुदॉक यांचं काम नीट समजायचं तर त्यांच्या विरुद्ध टोकाचं काम बघायला हवं, आणि ते याच गावात, त्याच वर्षातलं आहे. १९२८मध्ये इकडे दुदॉक जाड विटांच्या भिंती चढवत होते आणि तिकडे डाउकर, त्यांचे जोडीदार बायफूट आणि अभियंता वीबेंगा यांनी काच आणि अगदी सडपातळ आरसीसीत हे आरोग्यधाम उघडलं.

पैसा कुठून आला त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अ‍ॅमस्टरडॅमचे हिऱ्यांना पैलू पाडणारे कामगार धुळीने भरलेल्या खोल्यांत दिवसभर बसत, आणि क्षयाने मरत. पैलू पाडताना हिरा धरायला तांब्याच्या दांडीचं साधन वापरत. ती दांडी तुटली, झिजली की टाकून देत. यान फान झुत्फेन या कामगार पुढाऱ्याने १९०५पासून ते टाकाऊ तांबं गोळा करून विकायला सुरुवात केली. त्या निधीतून कामगार संघटनेने ही जमीन घेतली आणि हे उभं केलं.

इमारत मधे डागडुजीविना इतकी खचली होती की पाडण्याच्या बेतापर्यंत गोष्ट गेली होती. डाउकर यांनी ती मुळात थोड्या वर्षांसाठीच बांधली होती. क्षय लवकरच हटेल आणि आरोग्यधाम लागणार नाही असा हिशेब, त्यामुळे गरजेपेक्षा एक किलो लोखंड जास्त घालायचं नाही. ह्युबर्ट-यान हेंकेट आणि वेसेल द यॉन्ग या वास्तुविशारदांनी तिला पुन्हा उभं केलं. मी तुळयांची जाडी बघत राहिले. आपल्या कुठल्याही तपासणीत एवढ्या बारीक तुळईवर सही झाली नसती. रुग्णांच्या खोल्या अशा कोनात वळवलेल्या की प्रत्येकीला ऊन मिळतं आणि कोणाच्या समोर कोणी येत नाही. सुंदर आहे, फार सुंदर आहे. डाउकर १९३५मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता गेले. गावातलं त्यांचं गोईलांड हॉटेल बायफूट यांनी पुढच्या वर्षी पुरं केलं.

पण मला विचाराल तर मी दुदॉक यांच्या बाजूची. नगरपालिकेची इमारत तात्पुरती असून चालत नाही. लोकांचा पैसा असतो, आणि पुढच्या पिढीतल्या कुणा अभियंत्याला ती सांभाळायची असते.

संध्याकाळी उत्तरेकडची दफनभूमी पाहिली, १९३०च्या आसपासची. सरळ वाटा, कापलेली कुंपणं, पाणी. दुदॉक यांचीही कबर इथेच आहे, स्वतःच आखलेल्या जागेत.

सोमवार

रॉटरडॅम. पाऊस.

दुदॉक यांचं सगळ्यात धाडसी काम इथे होतं: बायेनकॉर्फ हे मोठं दुकान, १९३०चं. विटेच्या या माणसाने तिथे रस्त्यालगत काचेची अखंड भिंत उभी केली होती. १४ मे १९४०ला जर्मन विमानांनी शहराचा मध्यभाग भाजून काढला, त्यात दुकानाचा मोठा भाग गेला. उरलेल्या भागात व्यवहार चालू राहिला, १९५७मध्ये मार्सेल ब्रॉयर यांनी बांधलेलं नवं बायेनकॉर्फ तयार झालं, आणि १९६०मध्ये जुना तुकडा पाडला. आम्ही त्या चौकात छत्री धरून उभे राहिलो. खूण अशी काही नाही, भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. कुल्सिंगल रस्त्यावरचं त्यांचं इरॅस्मसहाउस मात्र बॉम्बहल्ल्यातून वाचलं. उंच, सडसडीत, खाली दुकानं आणि वर कार्यालयं.

तिथून मेंट रस्त्यावर. युद्धानंतर एका विमा कंपनीसाठी दुदॉक यांनी इथे इमारत बांधली. तिच्या तळमजल्यावर आता त्यांच्याच नावाचं कॅफे आहे, आणि त्या कॅफेचा सफरचंदाचा केक देशभर प्रसिद्ध आहे. भाचीच्या कचेरीतल्या लोकांना दुदॉक म्हटलं की केकच आठवतो म्हणे. छत उंच, खिडक्या मोठ्या, ओल्या कोटांची गर्दी. केक खरोखरच छान.

तिथे बसूनच विटांच्या दर्जांचे फोटो आमच्या जुन्या बांधकाम विभागाच्या ग्रुपवर टाकले. पहिला प्रश्न आला तो देखभालीचा: एवढी जपलीय, तर पैसे कोण देतं? मी लिहिलं, नगरपालिका. इमारत अजून तिचीच आहे. त्यावर आमचे एक जुने सहकारी, ज्यांनी आयुष्यभर शाळाखोल्यांची गळती काढली, त्यांनी विचारलं, "मॅडम, ती गवती छपराची शाळा पावसात गळते का?" उद्या भाचीला घेऊन पुन्हा हिल्वरसुमला जातेय. पाऊस आहेच, बघून कळवते.